दोन नकाशांमधली वस्ती

नकाशाघरातल्या आरेखकाची ताई डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीत दिलेली, आणि इतकी वर्षं ती तिथे भाव खात आली होती, की आमच्या खोऱ्याचा नकाशा माझ्या धाकट्या भावाने काढलाय. आज ती त्याच्या टेबलासमोर बसली होती. खोऱ्यात धरण होणार होतं. जुन्या नकाशात असलेल्या वस्त्यांना नवी जमीन मिळणार होती. नकाशात नसलेल्या वस्त्या मागाहून घुसलेल्या ठरणार होत्या आणि त्यांच्या वाट्याला काहीच नव्हतं.

“नकाशाची शिक्क्याची प्रत दे, म्हणजे निघते,” ताई म्हणाली.

खोरं एका कागदात मावलं नव्हतं म्हणून नकाशाचे दोन भाग होते, आणि वस्ती नेमकी जोडावर. त्याने कडा जुळवल्या. ओढा जुळला, उंचीच्या रेषा तंतोतंत जुळल्या. वस्ती कुठेच नव्हती.

जोडावरची वस्ती ज्या भागात जास्त घरं पडतील त्यात काढायची, असा नियम होता. इथे घरं चौदा. सात इकडे, सात तिकडे. पूर्वेचा भाग त्याचा. पश्चिमेवाला काढेल म्हणून त्याने सोडली, आणि पश्चिमेवाल्यानेही तोच शहाणपणा केला. तो बिचारा कधीच वारला. पुढे ताईचं लग्न तिथेच झालं. हा गाढव दरवर्षी तिच्याकडे जाऊन आठ-आठ दिवस राहिला, पण दोन कागद शेजारी ठेवून बघायची बुद्धी त्याला एकदाही झाली नाही.

त्याने सगळं सांगितलं. बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“विसरलास, एवढंच ना?” ताई म्हणाली. “मग तसं लिहून दे.”

त्याने पानभर लिहिलं, चूक माझी आहे असं दोनदा लिहिलं, खाली सही केली. ताई तो कागद पदरात धरून गेली.

पंधरा दिवसांनी पुनर्वसनाच्या साहेबांनी निकाल दिला. जबाब देणारा अर्जदाराचा सख्खा भाऊ, सबब जबाब अमान्य. नकाशा हाच पुरावा.

त्याने ताईला फोन लावला. “मी वर अर्ज करतो, ताई. साहेबांना भेटतो.”

“नको. आज घरांवर पाडायच्या खुणा करून गेले.”

“दाजी काय म्हणतात?”

“बोलत नाहीत. सगळी वस्ती आमच्या दारात बसलीय. त्यांच्यासमोर तुझा फोन घेता येत नाही रे मला. आता करू नकोस.”