बोल्ट कधी आवळायचे

बाबांची अट सरळ होती. त्यांच्या पन्नास वर्षांच्या लाडक्या गाडीचा पुढचा सगळा भाग लेकीने एकटीने उतरवायचा आणि पुन्हा बांधायचा. जमलं तर गॅरेज तिचं, नाही तर पुढच्या महिन्यापासून भाड्याने. तिने बाह्या सरसावल्या.

बाबा स्टुलावर बसून पाहत होते. बोटं आखडल्यापासून त्यांच्याकडे एकच हत्यार उरलं होतं, जीभ, आणि तिला गंज चढायचं नाव नव्हतं.

"स्प्रिंग दाबलेली आहे, विसरू नकोस. सुटली तर छप्पर फोडून जाईल."

"म्हणून तर आर्मखाली जॅक लावलाय, बाबा. तुमच्या तोंडालाही एक लावू का?"

गाडी लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, चढवून तिने चाकं काढली होती. चाकाला आर्मशी, म्हणजे ते तोलणाऱ्या लोखंडी दांड्याशी, जोडणारा बॉल जॉइंट हटून बसला. तिने त्याच्याशी हुज्जत घातली नाही. शेजारच्या लोखंडावर हातोडीचे दोन मोजके ठोके दिले, तसा तो निमूट सुटला. मग जॅक बोटबोटभर उतरवत तिने स्प्रिंग सैल केली आणि उचलून भिंतीशी ठेवली.

आर्म हातात आले तेव्हा मात्र ती थबकली. त्यांच्या सांध्यांत धक्के सोसणारे रबरी बुश सगळेच्या सगळे पिळवटून फाटले होते. बाबांनी ते दोनच वर्षांपूर्वी घातले होते.

"हल्लीच्या रबरात दमच नाही," बाबा म्हणाले. हे ती शाळेत असल्यापासून ऐकत होती.

नवे बुश दाबून बसवले. आर्म चढले, स्प्रिंग बसली, जॉइंट लागले, ग्रीस भरलं. फक्त आर्मचे बोल्ट तिने सैलसर ठेवले, चाकं लावली आणि गाडी जमिनीवर उतरवायला घेतली.

बाबा ताडकन उठले. "अगं, बोल्ट! गाडी वर असतानाच आवळायचे. चाळीस वर्षं मी तसंच करतोय!"

"चाळीस वर्षं तेच चुकतंय, बाबा." बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "चाकं लोंबकळत असताना आवळलं की रबर तिथेच धरलं जातं. गाडी खाली आली, वजन पडलं, की ते पिळलं जातं. रात्रंदिवस पिळलेलं रबर टिकणार कसं?"

बाबा एक फाटका बुश उचलून आखडलेल्या बोटांत फिरवत राहिले. गाडी चाकांवर आली. तिने बॉनेट दाबून ती चारदा हलवली, बसू दिली, मग खाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट पक्का आवळला.

चाकांची दिशा जुळवून झाल्यावर तिने बाबांना शेजारी बसवलं आणि गाडी मुद्दाम सगळ्यात खड्डेवाल्या रस्त्याने नेली. कुठे खडखड नाही. सरळ रस्त्यावर तिने स्टिअरिंगवरचे हात उचलले, तरी गाडी रेषा सोडेना. बाबा खिडकीबाहेर डोकं काढून पुढच्या चाकाकडे पाहत राहिले.

गॅरेजमध्ये येताच त्यांनी गिऱ्हाइकांची वही काढून तिच्यासमोर ठेवली.

"आधी डॉक्टरांना फोन लाव. मग शाळेच्या बाईंना. मी बांधलेल्या सगळ्या गाड्या बोलाव."

"काय सांगू त्यांना?"

"म्हाताऱ्याचं चुकलं होतं म्हणून सांग," बाबा म्हणाले. "आणि यापुढे मालकीण बघेल."