ओहोळापर्यंतची सोबत

मी एक जुनी, काळी सायकल आहे. मला घंटी दिलेली आहे, वाचा दिलेली नाही. आणि सारे ऐकू यावे पण बोलता येऊ नये, याहून मोठा जाच मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझे सुटे भाग खोक्यात बांधून म्झिंबा गावच्या बाजारात आले. तेथे एका झाडाखाली कारागिराने मला जोडले, आरे ताणले, साखळीला तेल पाजले. चर्चच्या मंडळीने घरोघरचा मका गोळा करून, तो विकून मला पाळक चिरंबो यांच्यासाठी घेतले. त्या दिवशी बायकांनी माझ्या हँडलाला रंगीत कापड बांधून असा हर्षनाद केला, की माझे आरे थरथरले.

आमच्याकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. यजमान पाहुण्याची सायकल स्वतः ढकलत त्याच्यासोबत चालतो. जितके दूर, तितका मान. आणि अर्ध्या वाटेत हँडल सोडणे म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’ असे तोंडावर सांगणे. पाळकसाहेब दर रविवारी दुरून येत, म्हणून तेही पाहुणेच; पहिल्या वर्षांत उपासना संपली, की मला ढकलण्यासाठी चढाओढ लागे. बहुधा मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ सोको जिंकत. त्यांचे खरबरीत तळवे मला थेट ओहोळापर्यंत नेत आणि बायका गात मागून येत.

मग काय बिघडले, ते मला नेमके सांगता येत नाही. तक्रार गंजासारखी असते. तिचा पहिला दिवस कोणालाच दिसत नाही. ओहोळापर्यंतची सोबत आधी वारुळापर्यंत आली, मग आंब्यापर्यंत, मग दारापर्यंत. मला त्या आंब्याला टेकवलेले असे आणि त्याच सावलीत लोक बसत.

“आले एकदाचे! सूर्य डोक्यावर आला, की आमच्या साहेबांची पहाट होते,” न्याशावा मावशी म्हणत. त्या महिला मंडळाच्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या जिभेने भोपळाही चिरला असता.

“आता उपदेश लांबणार. घरी माझी मक्याची सिमा थंड होऊन दगड होईल,” वडील सोको म्हणत.

“तुमच्या घरी ती चुलीवरूनच दगड होऊन उतरते हो!”

सारे हसत आणि मी आतल्या आत जळत असे. अहो, उशीर का झाला ते विचारा तरी! चढावर माझी साखळी पुन्हा पुन्हा निसटते, ती त्यांनी बोटे काळी करून बसवली. डोंगरापलीकडच्या आजाऱ्याने हात सोडला नाही, म्हणून ते त्याच्यापाशी थांबले. हे सारे मी पाहिले होते. पण वाऱ्याने माझी घंटी जराशी किणकिणली, एवढेच; कोणी वळूनही पाहिले नाही. तक्रार करणारा माणूस विचारत नाही. आणि आमचे पाळकसाहेब असे भिडस्त, की आपले कष्ट आपणच सांगणे त्यांना बढाई वाटे.

एका रविवारी आंब्यामागून येताना त्यांनी ते बोलणे ऐकले. परतीच्या चढावर ते उतरले आणि माझ्या सीटवर कपाळ टेकून म्हणाले, “पुरे झालं आता. येत्या रविवारची उपासना शेवटची. मग वरिष्ठांना सांगतो, इथे दुसरा कुणी पाठवा.”

दुसरा कोणी नव्हता. शेजारची मंडळी कित्येक वर्षे पाळकाविना होती. तिथल्या चर्चच्या दाराला लागलेली वाळवी मी पाहिली होती. आंब्याखालच्या माणसांनी पाहिली नव्हती.

तो शेवटचा रविवार उजाडला. त्याही दिवशी उशीर झाला, त्याही दिवशी कुजबुज झाली. उपासनेनंतर पाळकसाहेब एकटेच मला घेऊन निघाले, तोच न्याशावा मावशी तरातरा आल्या आणि त्यांनी माझे हँडल गच्च धरले.

“थांबा! महिला मंडळाच्या सभेला तुमचा पत्ता नसतो. आम्ही काय दगडांपुढे गातो?”

“मावशी, पुढे एक म्हातारी वाट बघतेय.”

“मग चालता चालता ऐका!” आणि रागाच्या भरात त्या मला ढकलत चालू लागल्या.

आंब्याखाली वडील सोको उठून उभे राहिले. “अरे बघा तरी! मावशी पाळकांना पोचवायला निघाल्या!”

एका बाईने हर्षनाद केला. मावशींचे पाऊल थबकले. पण हँडल धरलेले साऱ्या गावाने पाहिले होते. आता सोडणे शक्य नव्हते.

“हसा, हसा!” त्या पुटपुटल्या. “आता ओहोळापर्यंत जाणं आलं.”

उतारावर माझे ब्रेक लागले नाहीत आणि मी त्यांना फरफटत नेले.

“अगं बाई! ही सायकल आहे की उधळलेला बैल? हिच्यावर बसून येता तुम्ही?”

“बसून कमी, ढकलून जास्त.”

“आणि मागे हे फावडं कशाला?”

“आज सकाळी पलीकडे एका बाळाला पुरलं. खणायला माणसं कमी होती.”

“म्हणून उशीर?”

“म्हणून.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं नाही, मावशी.”

ओहोळ आला, तरी मावशींनी हँडल सोडले नाही.

“माझा धनी गेला तेव्हा सगळे मला उपदेश करत होते,” त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या. “तुम्ही एकटेच गप्प होतात. अंगणात बसून दिवसभर माझ्यासोबत शेंगा सोलल्यात. त्या दिवसानं मला तारलं. उशिराची चर्चा मी गावभर केली. हे मात्र पोटात ठेवलं.”

पाळकसाहेब पाण्याशी वाकले. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतले. मला वाटते, ते तोंड धुण्यासाठी नव्हते.

“पण उपदेश लांबतो बरं का,” मावशी म्हणाल्या.

“लांबतो खरा,” ते हसले. “पुढच्या रविवारी आवरता घेतो.”

पुढच्या रविवारी! मित्रांनो, त्या शब्दांचे मोल ओहोळाकाठी मला एकटीलाच कळले, आणि ते कोणाला सांगता येत नव्हते.

आंब्याखाली कुरकुर अजूनही चालते. गंज एका दिवसात जात नाही. तुमच्यासाठी राबणाऱ्याचे काही चुकत असेल, तर तेही त्याला सांगा; पण त्याच्या सायकलीचे हँडल धरून, ओहोळापर्यंत चालत. आणि त्याचे जे चांगले तुमच्या पोटात पडून आहे, ते आधी बोला. तुम्हाला वाचा आहे. माझ्यापाशी नुसती घंटी आहे, आणि ब्रेक तर अजूनही लागत नाहीत.