सुट्टीतले वाढदिवस

विमलबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि वाशीतल्या त्या प्राथमिक शाळेत पोरांपेक्षा आईबापांचीच शाळा जास्त भरू लागली. दर शनिवारी पोरांच्या हाती सायक्लोस्टाईल केलेलं एक पत्रक यायचं. नखं कापलेली हवीत. रुमाल फ्रॉकला पिनेनं लावलेला हवा. डब्यात पोळीभाजीच हवी, पाव चालणार नाही. मुलांना सोडायला येताना वडिलांनी लुंगीवर आणि आईनं गाऊनवर फाटकाशी उभं राहू नये. वैशालीचे वडील रावसाहेब पत्रक वाचायचे, चडफडायचे आणि पाळायचे. पोरगी शिकायला हवी ना, मग गुमान पाळा.

जानेवारीतलं एक पत्रक मात्र त्यांनी बायकोला, जयमालाला, मोठ्यानं वाचून दाखवलं. वाढदिवसाच्या दिवशी मुलानं गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून यावं. प्रार्थनेला आईवडील दोघांनी हजर राहावं. मूल स्टेजवर चढून माईकवर आपलं नाव आणि जन्मतारीख सांगेल, बाई ओवाळतील, सगळी शाळा टाळ्या वाजवेल.

"आता कसं," रावसाहेब म्हणाले. "बाईच्या डोक्यातून एक तरी कामाची गोष्ट निघाली."

खूश होण्याचं कारण होतं. रावसाहेबांच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख होती एक जून. बीडकडच्या त्यांच्या गावात मास्तरांनी त्यांना डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला होता. हात कानाला पोचला, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून टाकली एक जून. सोबत आलेल्या आईला कुणी काही विचारलं नाही. वस्तीतली सगळी पोरं अशी एकाच दिवशी जन्माला घातलेली. आता बेलापूरच्या ऑफिसातही तेच. एक जून आला की अर्धे कारकून एकमेकांना चहा पाजायचे आणि हसायचे. रावसाहेब हसत नसत. आपला जन्म कुणीतरी घाईत उरकून टाकला असं त्यांना वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

म्हणून वैशालीच्या वेळी ते दवाखान्याचा दाखला घेऊन स्वतः शाळेत गेले होते आणि तारखेवर बोट ठेवून लिहून होईपर्यंत कारकुनासमोर उभे राहिले होते. चौदा एप्रिल. दुसरीतल्या पोरीची तारीख कशी खणखणीत होती.

"अहो, पण चौदा एप्रिलला सुट्टी असती," जयमाला म्हणाली. "जयंती हाय. आपनच मिरवनुकीत असतो."

हे रावसाहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी विमलबाईंसमोर जाऊन बसले.

"बाई, आमच्या मुलीचं पंधराला करा."

"सुट्टीतले वाढदिवस जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, सगळे एकत्र. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं आहे."

"जूनमधे सगळे एक जूनवाले येनार. माझी मुलगी एक जूनची नाय."

"तसं मी कुठं म्हणते? पण आज तुमच्यासाठी नियम वाकवला, की उद्या दिवाळीत जन्मलेल्या मुलाचे वडील येतील."

"येऊ द्या की. त्याचंबी करा दुसऱ्या दिवशी."

"मग नियम कशाला राहिला, रावसाहेब?"

हेच वाक्य रावसाहेब स्वतः रोज ऑफिसच्या खिडकीवर आलेल्या लोकांना ऐकवत, त्यामुळे ते ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी अर्ज केला. पुन्हा भेटले. पालकसभेत उभे राहून बोलले, तेव्हा बाकीचे पालक घड्याळाकडे बघत बसले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी हात टेकले आणि पोरीला तयार करायला घेतलं. वेणी घालताना, पाणी भरताना, जिना उतरताना एकच.

"तारीख?"

"चौदा एप्रिल एकोणीसशे सत्त्याहत्तर."

"मोठ्यानं म्हन."

"पोरीचा जीव खाऊ नका," जयमाला म्हणायची. पण तिनंही वाशीच्या बाजारात हिंडून पिवळा फ्रॉक आणलाच.

जूनमधला तो शनिवार उजाडला. स्टेजवर पोरं मावेनात. लाल, निळी, चमकीची, थोरल्या भावाचे कपडे घातलेली पोरं पायऱ्यांवरसुद्धा उभी राहिली. विमलबाईंनी ओवाळणीचं ताट घेतलं आणि एवढ्या कपाळांकडे बघून ते तसंच शिपायाच्या हाती परत दिलं. एकदाच सगळ्यांवरून हवेत फिरवा म्हणाल्या. रावसाहेब भिंतीशी दात आवळून उभे होते.

मग माईक फिरू लागला. पहिला मुलगा म्हणाला, "एक जून." टाळ्या. दुसरी म्हणाली, "एक जून." टाळ्या. पाचसहा जण झाल्यावर समोर बसलेल्या पोरांना गंमत वाटू लागली. स्टेजवरच्यानं तोंड उघडायच्या आत खालून सगळी शाळा ओरडायची, एक जून. विमलबाई छडी आपटत होत्या, पण त्याही दमल्या होत्या.

माईक वैशालीकडे आला. तिनं बापाला शोधून काढलं. रावसाहेबांनी ओठ हलवले, चौदा एप्रिल. खालून शाळा ओरडली. वैशालीनं माईक तोंडाशी धरला आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "एक जून."

टाळ्या पडल्या. रावसाहेब पुढं निघाले तशी जयमालानं त्यांची बाही पकडली.

"आधी उतरू द्या तिला," ती म्हणाली.

वैशाली गोळी चोखत आली. रावसाहेबांनी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "इसरलीस व्हय?"

"नाय. चौदा एप्रिल एकोणीसशे सत्त्याहत्तर."

"मग?"

"सगळ्यांची एकच होती, पप्पा. माझी एकटीचीच वेगळी सांगितली असती तर सगळे हसले असते."

विमलबाईंसाठी रावसाहेबांकडे महिनाभर घोटून ठेवलेली भाषणं होती, पण या पोरीसमोर त्यातलं एकही चालणारं नव्हतं. लाजेनं लपवावं असं काय होतं त्या तारखेत? आणि ते आठ वर्षांच्या, पिवळ्या फ्रॉकातल्या लेकराला आत्ता, इथं कसं समजावायचं? त्यांना रडू येईलसं वाटलं.

"तुमची पण एक जूनच आहे ना?" वैशालीनं त्यांचा हात धरला. "मम्मी म्हणते."

"ती माझी नाय, पोरी. ती मास्तरानं लिवली."

"मग तुमची खरी कधी असते?"

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिला हे विचारायचं रावसाहेबांनाही कधी सुचलं नव्हतं.

"मला ठाव नाय," ते म्हणाले, आणि पोरीचा हात धरून उभे राहिले.