निळ्या बकेटीतलं पाणी

बारा आणि बारा. रेणूने सकाळपासून तेच दोन आकडे किती वेळा मांडले, तिचं तिलाच ठाऊक. पुडी मिळालेल्या साठ कामगारांत बारा जणांना भोवळ आली होती. न मिळालेल्या साठांतही बाराच.

कुम्हारीच्या रस्त्यावरचा तो ओतकामाचा कारखाना. भट्टीपुढे राबणाऱ्याला मीठ-साखरेची पुडी पाण्यात विरघळवून पाजली तर भोवळ कमी होते का, हे पाहायचं काम सिविक सेंटरमधल्या तिच्या छोट्या संस्थेकडे आलं होतं. सहांपैकी तीन शेडमध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पुडी, निम्म्यांना नाही. सोमवारी अहवाल. ‘फरक नाही’ म्हटलं, की पुड्या बंद. आणि चैत्र तर उंबऱ्याशी आलेला. त्याच भट्टीपुढे तिचे बाबा, रामाजी, उभे राहत. मागच्या उन्हाळ्यात तिथंच कोसळले होते. म्हणून तर संस्थेचे प्रमुख शामसुंदर सर यांनी चिठ्ठ्या-नोंदींपासून तिला लांब ठेवलं होतं. गणित तेवढं तिचं.

उतई गावातल्या घरात रविवारचा चहा चालला होता.

“निळी बकेट कुठी गेली वं?” तिची आई, मनकर्णा, न्हाणीतून ओरडली. “महिना झाला, मी सैपाकाच्या गंजानं पानी घेऊन राहिली!”

“कारखान्यात हाय,” रामाजी बशी फुंकत म्हणाले. “पुड्या घोळाले लागते न.”

रेणूचा पेन थांबला. “बाबा, पुडी तं ज्याची त्याले होती. आपल्या बाटलीत टाकून प्याची.”

“वीस जनाले भेटते, वीस जनाले नाही. मी घटघट पिऊ, अन् बाजूचा माह्या तोंडाकडे पाहत राहीन? सगळ्या पुड्या बकेटीत टाकतो. ज्याले तहान, त्यानं प्यावं.”

“तिन्ही शेडमध्ये?”

“आमचं पाहून बाकीच्यायनंबी तेच केलं. डब्यातली भाजी वाटून खातो, मंग पानी कावून नाही?”

“ते पानी नव्हतं बाबा, परीक्षा होती.”

“मंग नापास झालो का आम्ही?”

रेणूला हसू आलं. पुडी एकाच्या हाती दिली, आणि गुण शेजाऱ्याच्या अंगात उतरला. पिणाऱ्यांशी पिणाऱ्यांनाच ताडून पाहिल्यावर फरक दिसेल कसा? तिने बाकीच्या तीन शेडची नोंदवही उघडली. तिथं पुडी कुणालाच नव्हती, नुसती भोवळ मांडलेली. एकशेवीस माणसं, एक्कावन्न भोवळी. इकडे तेवढ्याच माणसांत चोवीस.

निम्म्याहूनही कमी! तिने आकड्याखाली रेघ ओढली. मग पेन तिथंच थबकला. त्या तीन शेड मागच्या. छताचा पत्रा अगदी खाली, पश्चिमेचं ऊन थेट. ही किमया पाण्याची, की सावलीची?

सोमवारी सर तिचा कागद दोनदा वाचून म्हणाले, “तुझ्या वडिलांनी नियम मोडला, हे मालकापर्यंत जाईल.”

“मीच लिहिलंय, सर.”

“आणि एक्कावन्नवर उड्या मारू नकोस. मागच्या शेड तव्यासारख्या तापतात.”

“म्हणून तर एक महिना आणखी मागा. माणसांच्या चिठ्ठ्या नकोत, शेडच्या टाका. निघाली त्या शेडमध्ये सगळ्यांना पुडी. नाही निघाली, तिथं कुणालाच नाही. भोवळ आलीच तर कुठंही लगेच पाजायचं, आणि लिहून ठेवायचं.”

सरांनी चष्मा काढला. “वडिलांच्या शेडची चिठ्ठी नाही निघाली तर?”

‘नाही निघाली तर नाही’ हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच सुकले. ती एवढंच म्हणाली, “नियम तोच.”

मालकाने रामाजींना दम दिला, पण महिना दिला. गुरुवारी दुपारच्या पाळीआधी गेटपाशी सगळे जमले. कॅन्टीनच्या आम्रपालीने स्टीलच्या डब्यातून तीन चिठ्ठ्या काढल्या. तीन नंबर. पाच नंबर. सहा नंबर.

दोन नंबर डब्यातच राहिला. रामाजींचा.

ते गमछ्याने मान पुसत लेकीजवळ आले. “तुह्या गनितानं बापालेच बाहेर काढलं वं,” ते हसले. मग हळूच, “तीन नंबरातला मोनू मले गिलास देल्याबिगर राहणार नाही. काय सांगू त्याले?”

“नाही म्हना, बाबा. महिनाभर. चक्कर आली तं मात्र लगेच घ्या, लपवू नका.”

“मानसाच्या हातचं पानी परत केलं नाही म्या आजवर.”

“माह्यासाठी करा.”

त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. भोंगा वाजला. गमछा डोक्याला गुंडाळून ते आत गेले. गेटजवळच्या तापमापीत पारा एकेचाळीसवर होता, आणि एप्रिल अजून लागायचा होता.

रेणू उन्हातच उभी राहिली. बाबांनी तिचा शब्द पाळावा, असं ती मनोमन मागत होती. आणि मोनूने तो पाळू देऊ नये, असंही.