सात नंबरचं दार

मी एक जुना राउटर आहे आणि माझा तुम्हा सगळ्यांवर राग आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. पण तुमच्यापैकी कुणी आपल्या घरच्या राउटरवरची धूळ कधी पुसली असेल, तर हात वर करा. बघा, एकही हात नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला देविकाताईंनी आणलं. त्या केंद्र सरकारात अधिकारी आहेत. घरात त्यांचे यजमान उन्मेषराव, सासूबाई प्रभाताई आणि लेक इशिता. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग थंडी आली आणि माझ्या उबदार पाठीवर ओले मोजे वाळत पडू लागले.

माझं काम पहारेकऱ्याचं. घरातल्या प्रत्येक यंत्राला मी एक नंबर देतो आणि बाहेरच्या जगापासून लपवतो. घरातून कुणी काही मागवलं असेल, तर त्याचं उत्तर तेवढं आत सोडतो. बाकी आगंतुकांना हाकलून देतो. त्यात मी कधी हयगय केली नाही.

पण उन्मेषरावांना नोएडाच्या ऑफिसात बसून घरच्या कंप्यूटरमधल्या फायली हव्या होत्या. त्यांनी माझ्यात एक दार उघडलं आणि हुकूम दिला की, या दारावर जो येईल त्याला सरळ सात नंबरकडे पाठवायचं. सात नंबर म्हणजे त्यांचा कंप्यूटर. पुढे तो भंगारात गेला. दार तसंच उघडं राहिलं, आणि रिकामा झालेला सात नंबर नियमाप्रमाणे प्रभाताईंच्या नव्या कंप्यूटरला मिळाला.

याच क्वार्टरमध्ये आधी राहून गेलेल्या साहेबांची पत्रं अजून येतात. बदली झाली की माणूस जातो, क्वार्टरचा नंबर तोच राहतो, हे या लोकांना झोपेतसुद्धा ठाऊक. प्रभाताई ती पत्रं न उघडता पोस्टमनला परत देतात. माझ्याकडच्या सात नंबरातही कुणी नवीन राहायला आलं असेल, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

दिल्लीत वाढलेल्या इशिताला उंबरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. म्हणून प्रभाताई रोज दुपारी तिच्यासाठी आपल्या लहानपणच्या गोष्टी कंप्यूटरवर बोलून ठेवत. त्या इशिताच्या टॅबवर पटकन लागाव्यात, म्हणून उन्मेषरावांनी त्या गोष्टींना पासवर्डच ठेवला नाही.

जगभरचे भामटे दिवसभर दारं ठोठावत हिंडत असतात. एकाला हे दार सापडलं. हुकूम होताच, मी त्याला सात नंबरकडे पाठवलं. तो सगळ्या गोष्टी पुसून गेला.

प्रभाताईंनी सगळा कंप्यूटर धुंडाळला. मग म्हणाल्या, "देविका, माझ्या आईचा आवाज काढून दाखवला होता गं त्यात. आता तसा जमायचा नाही."

इशिता त्यांना बिलगली. "आजी, परत सांग ना. प्लीज."

उन्मेषरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा राउटरच बेकार आहे यार. चलो, नवीन घेऊ." मला त्या माणसाचा इतका संताप आला की माझे सगळे दिवे लाल व्हायला हवे होते.

नवा राउटर बसवायला माणूस आला. उन्मेषराव त्याला म्हणाले, "पुराने वाले में जो भी सेटिंग है, बिल्कुल वैसी ही इसमें डाल दीजिए. घर में किसी को कुछ बदलना न पड़े."

त्याने माझ्यातलं सगळं एकेक करून नव्या राउटरमध्ये उतरवलं. सात नंबरचं दारसुद्धा.

मित्रांनो, मला पुसू नका, मोजे खुशाल वाळत घाला. पण दार तुम्ही उघडलंत, तर ते बंदही तुम्हीच करायचं असतं. आता मी कपाटावर पडलो आहे. खाली प्रभाताई चहा पिऊन कंप्यूटरसमोर बसल्या आहेत. घसा खाकरून त्या पहिली गोष्ट पुन्हा सांगू लागल्या आहेत. मी त्यांना थांबवलं असतं, पण माझी वायर काढून टाकली आहे.