तिसरा पट्टा

दिनकर सरांचा वाफा तिसऱ्या पट्ट्यात होता आणि आज तो हार्वेस्टरच्या पोटात जाणार होता. प्रणोतीला सकाळपासून तिकडे बघवत नव्हतं. त्या वाफ्यावर फुली मारली होती ती तिच्याच प्रोग्रामने.

बरगीच्या रस्त्यावर बियाणं संस्थेचं हे शेत. हरभऱ्याचे लांबच लांब पट्टे, पट्ट्यात एकामागोमाग वाफे आणि दर वाफ्यात वेगळा वाण. थंडीत पानांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथून आलेल्या जनुकांच्या आकड्यांवरून कोणता वाण पुढे भरभरून देईल, हे प्रणोतीच्या प्रोग्रामने सांगितलं. निवडलेले वाफे काल हाताने कापून पिशव्यांत भरले होते. उरलेले आज सरसकट कापून मंडीत जायचे. या पिढीचं बी दुसरीकडे कुठेही नव्हतं, त्यामुळे यंत्रात गेलं की ते कायमचं गेलं.

प्रणोती हा सगळा कारभार शहरात, मदन महलच्या ऑफिसात बसून करायची. काठावर बसून पोहायला शिकवणारे असतात ना, त्यातली ती. शेतावर आज पहिल्यांदा आली होती, तीही सरांनी "एकदा तरी पाय माखव ना बेटा" म्हणून पिच्छा पुरवला तेव्हा.

"तो पाहा," शेताच्या तोंडाशी असलेल्या निंबाखाली उभे राहून सर म्हणाले. "कसे बुडापासून घाटे धरले त्यानं. दर पिढीत मी हाच निवडत आलो. जूनमध्ये रिटायर होऊन राहिलो, जाताना तेवढा एक वाण देऊन जाऊ म्हटलं होतं."

"मग ठेवायचा ना सर, एक वाफा तर आहे."

"काहून ठेवू? बैठकीत मीच टेबलावर हात आपटून बोललो, डोळ्यापेक्षा आकडा खरा. आता माझ्या वाफ्यापुरता नियम बदलू?" ते हसले, पण नजर काही वाफ्यावरून हलली नाही.

पश्चिमेकडे आभाळ काळवंडून आलं होतं. रेडिओवर गारपिटीचा इशारा होता, म्हणून गोहलपूरचा ड्रायव्हर विक्की हार्वेस्टर अक्षरशः पळवत होता. पहिला पट्टा संपवून तो पार कालव्याच्या टोकाला पोचला. तिथे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वळला आणि दुसरा पट्टा कापत निंबाकडे परत येऊ लागला.

प्रणोती बघत राहिली. मग एकदम सरांकडे वळली.

"सर, पानं तोडली तेव्हा... माणसं अशीच चालली होती? जाताना एक पट्टा, येताना दुसरा?"

"मग कशी चालतील? औत काय कोणी धुऱ्यावरून रिकामं परत आणते? चालत गेले तसे ट्रेमध्ये नमुने लावत गेले."

इथेच घोडं पेंड खात होतं. वाफ्यांच्या खुंट्यांवरचे नंबर दर पट्ट्यात निंबापासून सुरू व्हायचे. प्रणोतीने ट्रेमधले नमुने त्याच क्रमाने नंबरांना जोडले होते, वहीत लिहितो तसे, दर ओळ डावीकडूनच. विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि सांगावं असं शेतावरच्या कोणाच्या मनात आलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोण कोणाला सांगतं?

तिने टॅब्लेट उघडला. दुसरा पट्टा, पहिला वाफा. आकडे म्हणत होते काबुली, म्हणजे पांढरा, टपोरा दाणा. हा रंगाचा रकाना फक्त तिच्याच पडद्यावर असायचा, सरांना ती नुसते नंबर पाठवायची. तिने घाटा फोडला. दाणा बारीक आणि तांबूस निघाला, चक्क देशी. शेजारचा वाफा देशी हवा होता, त्यातून पांढरा निघाला. पुढचाही उलटाच.

म्हणजे दुसरा पट्टा, चौथा पट्टा, सगळे सम पट्टे शेवटापासून सुरुवातीपर्यंत उलटे! त्यांतून काल पिशव्यांत भरलेले वाण चुकीचे, आणि खरे निवडायचे ते समोर कापले जात होते.

ती धावत सुटली. ढेकळात चप्पल अडकली ती तिथेच राहिली. हात पसरून ती हार्वेस्टरच्या पुढ्यात उभी राहिली, तेव्हा पात्यांची धूळ तिच्या तोंडावर आली.

"अरे दीदी, मरना है क्या!" विक्कीने ब्रेक दाबला आणि गारांच्या काळ्या आभाळाकडे बोट केलं. "ऊपर देखो, ओले गिरने वाले हैं!"

धापा टाकत सर मागून आले. "काय करून राहिली तू?"

तिने सांगितलं. शरमेने कान तापले होते, तरी एक शब्द गाळला नाही. सरांचा चेहरा आधी रागाने लाल झाला. दुसऱ्या पट्ट्याचा कापला गेलेला तुकडा त्यांनी नजरेने मोजला. आणि मग त्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं, जे तिला नको होतं.

"म्हणजे प्रोग्राम चुकला," ते म्हणाले. "म्हणजे माझा वाफा... तरी म्हटलं! डोळा इतका कसा फसन?"

प्रणोतीने तिसऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. तिसरा. जाताना चाललेला. त्यातला एकही नमुना जागचा हलला नव्हता.

खोटं बोलणं फार सोपं होतं. एक वाफा ठेवला तर कोणाचं काय जाणार होतं? या माणसाने तिला प्रोग्रामसाठी सहा जणांशी भांडून जागा मिळवून दिली होती. पण आकड्यावर विश्वास ठेवायला त्यांना तिनेच लावलं होतं, आणि आज तो विश्वास तिच्या हातून निम्मा सांडला होता. उरलेला तरी नीट राहू द्यावा.

"सर, तिसऱ्या पट्ट्यात काही बदलत नाही. तिकडे सरळच चालले होते." तिने टॅब्लेट त्यांच्यापुढे धरला. "तुमच्या वाफ्याचा निकाल तोच आहे."

सरांनी तिसऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. वाऱ्याने निंबाची पानं सळसळत होती.

"पक्कं?"

"दोन वाफ्यांतले घाटे फोडून बघते."

"मी पाहतो." ते स्वतः गेले, घाटे फोडले, तिच्या पडद्याशी ताडून पाहिले आणि मान हलवली. मग मागे वळून ओरडले, "विक्की भैया, सम पट्टे छोड़ दो! अब तीन, पाँच काटो, जल्दी!"

हार्वेस्टर दुसऱ्या पट्ट्यातून मागे निघाला, तसा सरांनी बांधावरचा विळा उचलला.

"सर, यंत्र येतंय ना तिकडे."

"येऊ दे. हा माझा आहे, मी कापतो." गुडघे टेकून त्यांनी पहिलं झाड कापलं, मग दुसरं. हात सराईत होते, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला ते थांबले नाहीत. प्रणोती अनवाणीच शेजारी बसली आणि कापलेली झाडं गोळा करू लागली.

शेवटच्या झाडाचा एक घाटा त्यांनी फोडला आणि दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

"खा," ते म्हणाले. "चवीत तरी पास आहे का सांग."