झुलालची ओंजळ

गाडी धुळ्यातला पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरली तसं तोताराम आबांना वाटलं, इथूनच परत फिरावं. पुढच्या सीटवर ग्लासगोहून आलेला मॅकलिन नावाचा प्राध्यापक वही घेऊन बसला होता. फुटबॉलनं देशोदेशीची माणसं जवळ आणली का, हा त्याचा अभ्यास. दुभाषी म्हणून आबांची नात रूपाली.

काल जळगावात आबांनी त्याला आपली ठरलेली गोष्ट ऐकवली होती. एकाहत्तर साली त्यांच्या कप्तानीत नवतरुण मंडळानं धुळ्यात कप जिंकला, आणि अकरा गडी, सात जातींचे, त्याच कपातून उसाचा रस प्याले. पन्नास वर्षं दर पंधरा ऑगस्टला सांगून सांगून गोष्ट अगदी गुळगुळीत झालेली. प्राध्यापक खूश. पुस्तकाचं पहिलं प्रकरण तुमचंच, म्हणाला. आणि विचारलं, शेवटचा गोल करणारे झुलाल हयात आहेत का? रूपालीनं हौसेनं पत्ता काढला. झालं, आबांची झोप उडाली.

कारण झुलालला कप मिळालाच नव्हता. त्याची पाळी आली तेव्हा कप्तानानं कप आपल्याच हातात ठेवला, 'ओंजळ कर' म्हटलं आणि रस वरून ओतला. ज्याच्या गोलानं कप आला, त्याच्याच ओठांना तो लागला नाही. हे पाहिलेल्यांपैकी आता दोघेच उरले होते.

झुलाल ओट्यावर बसला होता. "ये तोताराम, बठ," एवढंच म्हणाला. सुनेनं तांब्या नि पेले आणले. प्राध्यापक प्याला, रूपाली प्याली. आबांच्या तोंडाला कोरड पडली होती, पण या घरचं पाणी मागायचं कुठल्या तोंडानं?

"कपातून सगळेच प्यालात ना?" प्राध्यापकाचा प्रश्न रूपालीनं मराठीत सांगितला.

झुलालनं आबांकडे पाहिलं. मग रूपालीच्या कौतुकानं फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हां. बठ्ठा एकच कपमा पिनूत."

प्राध्यापक भराभरा लिहू लागला. सुटलो, असं आबांना वाटायला हवं होतं. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला आपण कप दिला नाही, तोच आपली अब्रू झाकत होता, तीही आपल्या नातीकडे बघून.

"खोटं शे," आबा म्हणाले. "रूपाली, सांग त्याले. मी झुलालले कप दिधा नही. वरतीन रस ओता."

रूपालीचं हसू मावळलं. "आबा, हे पुस्तकात येईल."

"येऊ दे."

तिनं सांगितलं. सांगताना आजोबांकडे पाहिलं नाही. प्राध्यापकाचं पेन थांबलं. आबा उठले, झुलालपुढे वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.

"आते तू ओत."

झुलालनं तांब्या उचलला, क्षणभर त्या ओंजळीवर धरला. मग पेला भरून आबांपुढे ठेवला.

"हात खाले कर. पेला धर. मी तुनासारखा नही."

आबांनी पेला तोंडाला लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. रूपाली अजूनही त्यांच्याकडे बघत नव्हती.